मर रोगाची वंशावळ

मर लागलेल्या केळीच्या बुंध्यावर कोयता आडवा मारला की कापावर तांबूस-तपकिरी ठिपक्यांची कडी दिसतात. निरोगी खोडाचा काप पांढरट आणि पाणीदार असतो. इथे मात्र मुळांकडून वर पाणी नेणाऱ्या नळ्या एकामागून एक बुजलेल्या असतात. बाहेरून पाहिले तर सर्वांत खालची, जुनी पाने आधी कडेने पिवळी पडतात, देठाशी मोडतात आणि खोडाभोवती घोळदार परकरासारखी लोंबत राहतात. कधी बुंधा जमिनीलगत उभा चिरतो. मधले कोवळे पान मात्र बराच काळ हिरवे आणि ताठ असते, त्यामुळे झाड अजून सावरेल अशी आशा वाटत राहते. ते सावरत नाही. हे काम फ्युजेरियम नावाच्या बुरशीचे. ती मातीतून बारीक मुळांवाटे शिरते, आतल्या नळ्यांतून वर चढते आणि झाड मेल्यावर जाड कवचाचे बीजाणू मागे ठेवून जमिनीत पडून राहते. हे बीजाणू दोन-दोन दशके टिकतात. पानांवरच्या करप्याला फवारणी करता येते, पण या बुरशीपर्यंत कोणतीही फवारणी पोचत नाही.

पनामा रोग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मरीचा इतिहास साधारणपणे तीन वाक्यांत सांगितला जातो. बुरशीने ग्रो मिशेल हे जुने निर्यातीचे वाण संपवले. मग कॅव्हेंडिश हे प्रतिकारक्षम वाण आले आणि धंदा वाचला. पुढे बुरशी बदलली, कॅव्हेंडिशलाही मारायला शिकली. यांतले तिसरे वाक्य चुकीचे आहे, आणि ते चुकीचे आहे हे बुरशीचा जनुकसंच अक्षर-अक्षर वाचल्यावरच नीट कळले. तिसरे वाक्य कोसळले की दुसऱ्याचा अर्थही बदलतो. कॅव्हेंडिशने मरीवर मात केली होती असे म्हणता येत नाही. ज्या कुळाची बुरशी कॅव्हेंडिशला मारते त्या कुळाशी त्याची अर्ध्या जगात गाठच पडली नव्हती, एवढेच म्हणता येते. हा फरक शब्दांचा नाही. जगभरच्या केळी-बागांचे पुढे काय करायचे ते त्याच्यावर ठरते.

रोगाची पहिली शास्त्रीय नोंद पनामातली नाही. डॉ. जोसेफ बँक्रॉफ्ट यांनी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या ईगल फार्म येथे मरत असलेल्या केळींचे वर्णन १८७६ मध्ये प्रसिद्ध केले. ती केळी आपल्याकडच्या रस्थाळीच्या गटातली होती. ग्रो मिशेलची कथा वेगळी. हे वाण एकोणिसाव्या शतकात मार्टिनिकहून जमैकात गेले आणि तिथून मध्य अमेरिकेत पसरले. जाड सालीचे, लांबट, घडाच्या घड बोटीच्या पोटात रचले तरी न दबणारे फळ व्यापाऱ्यांना दुसरे मिळाले नसते. खाण्याच्या केळीला बी धरत नाही. कंदाला फुटणारा मुनवा काढून लावायचा, म्हणजे त्याच झाडाची आणखी एक प्रत उभी करायची. होंडुरास, कोस्टा रिका आणि पनामा या देशांत रेल्वे टाकत, जंगल तोडत जे हजारो एकर उभे राहिले ते खरे तर एकच झाड होते. १८९०च्या सुमारास कोस्टा रिका आणि पनामात मर दिसू लागली, आणि १८९९ मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी स्थापन झाली तेव्हा मळ्यांच्या विस्ताराबरोबर रोगाचाही विस्तार होत होता. १९१० मध्ये अर्विन स्मिथ यांनी क्युबातील रोगट केळीतून आलेल्या बुरशीला ‘क्युबेन्स’ हे नाव दिले. १९१९ पर्यंत एल्मर ब्रँडिस यांनी निरोगी झाडात बुरशी टोचून तोच रोग घडवून दाखवला. कारण कोणते याविषयी त्यानंतर शंका उरली नव्हती.

शंका नसतानाही कंपन्या चाळीस वर्षे त्याच वाणाला चिकटून राहिल्या, हे या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण आहे. एक मळा मेला की कंपनी तो सोडायची आणि नव्या जंगलाकडे वळायची. कोस्टा रिकात कॅरिबियन किनाऱ्यावरचे मळे खालावल्यावर १९३०च्या दशकात सगळा पसारा पॅसिफिक किनाऱ्यावर हलवला गेला, गोल्फितो हे बंदराचे गाव त्यातूनच वसले. मागे उरलेल्या गावांतले मजूर, दुकाने आणि रुळ यांचे काय झाले, याचा हिशेब ताळेबंदात मांडला गेला नाही. होंडुरासमध्ये आणखी एक उपाय झाला. रोगट शेतांभोवती बांध घालून ती कित्येक महिने पाण्याखाली ठेवायची, म्हणजे बुरशी गुदमरून मरेल. शेतांची तळी झाली, पाणी सोडल्यावर नवी लावण झाली, काही हंगाम बरे गेले आणि पुन्हा पाने पिवळी पडली. त्रिनिदादमध्ये १९२२ पासून केळीच्या संकराचे कामही सुरू झाले होते. पण बी न धरणाऱ्या पिकात संकर करायचा म्हणजे हजारो फुलांवर हाताने पराग टाकून मोजक्या बिया मिळवायच्या. ते काम संथच राहणार होते. रॉबर्ट स्टोव्हर यांनी १९६२ मध्ये या रोगावर मोठा ग्रंथ लिहिला. तोपर्यंत मध्य आणि दक्षिण अमेरिकेत सुमारे ४०,००० हेक्टरांवरील लागवड संपल्याचा अंदाज होता.

कॅव्हेंडिश तेव्हा नवे नव्हते. मॉरिशसहून इंग्लंडला गेलेली ही केळ १८३०च्या दशकात डेव्हनशरच्या ड्यूकच्या चॅट्सवर्थ येथील काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने वाढवली, आणि ड्यूकच्या घराण्याच्या नावावरून तिचे नाव पडले. ग्रो मिशेल मरत होते त्याच जमिनीत ही केळ तग धरते, हे व्यापाऱ्यांना दिसत होते. अडचण सालीची होती. कॅव्हेंडिशचे फळ वाहतुकीत पटकन काळे पडते. म्हणून घडाऐवजी मळ्यावरच फण्या काढून, धुऊन, खोक्यात भरून पाठवायची नवी व्यवस्था उभारावी लागली. स्टँडर्ड फ्रूटने १९५०च्या दशकाच्या अखेरीस ही वाट धरली, युनायटेड फ्रूट काही वर्षांनी मागून आली. आज दुकानात केळी खोक्यातून येतात त्याचे मूळ मरीत आहे. पण बदलले ते वाण आणि खोके. एकाच झाडाच्या प्रती मैलोन् मैल लावायची पद्धत जशीच्या तशी पुढे चालू राहिली, आणि आज जगातील निर्यातीची केळी जवळजवळ सगळी कॅव्हेंडिश गटातली आहेत.

शास्त्रज्ञांनी बुरशीचे प्रकार कोणत्या निकषावर पाडले, ते इथे समजून घ्यायला हवे. जी बुरशी ग्रो मिशेल आणि रस्थाळीसारख्या वाणांना मारते ती रेस १, जी ब्लगो या भाजीच्या केळीला मारते ती रेस २, आणि जी कॅव्हेंडिशलाही मारते ती रेस ४. म्हणजे शत्रूची ओळख त्याच्या हातून कोण मेले यावरून ठरली. प्रयोगशाळेत दोन बुरश्या सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसत, तेव्हा दुसरा मार्गही नव्हता. रोपे लावायची, बुरशी टोचायची आणि महिनोन् महिने वाट पाहायची. पण या नामकरणाने नकळत एक समजूत रुजवली. रेस १ आणि रेस ४ ही एकाच शिडीच्या पायऱ्यांसारखी नावे वाटू लागली, जणू तीच बुरशी एकेक पायरी वर चढली. तैवानमध्ये १९६७ मध्ये कॅव्हेंडिश मरताना आढळली, तरी धोक्याची घंटा जगभर वाजली नाही. कॅनरी बेटे आणि दक्षिण आफ्रिका यांसारख्या थंडी पडणाऱ्या भागांतही कॅव्हेंडिशला मर लागत असे. तिथे थंडीने झाड आधीच दुबळे होते, मग बुरशीचे फावते, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे होते. उष्ण कटिबंधात कॅव्हेंडिश सुरक्षित आहे, असा दिलासा त्यातून मिळाला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशिया आणि इंडोनेशियात निर्यातीसाठी कॅव्हेंडिशचे मोठे नवे मळे लावले गेले. तिथे थंडी नव्हती. ते मळे काही वर्षांतच मरीने गेले. या बुरशीला ट्रॉपिकल रेस ४, थोडक्यात टीआर ४, हे नाव मिळाले. १९९७ मध्ये ती ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ सापडली.

बुरशीच्या वंशाचे कोडे सुटू लागले ते टोमॅटोवरून. २०१० मध्ये ली-जुन मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोमॅटोला मर लावणाऱ्या फ्युजेरियमचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केला. सुमारे सहा कोटी अक्षरे, पंधरा गुणसूत्रे. जवळच्या दुसऱ्या फ्युजेरियमांशी तुलना केली तेव्हा दिसले की या संचाचा पावपेक्षा जास्त भाग त्यांच्यात नाहीच. चार गुणसूत्रे तर संपूर्ण या कुळाची स्वतःची, आणि रोग घडवणारी जनुके त्यांच्यातच दाटीने बसलेली. मग एक साधा पण फार बोलका प्रयोग झाला. रोगकारक बुरशीच्या अशा गुणसूत्रावर एका औषधाला दाद न देणाऱ्या जनुकाची खूण बसवली. निरुपद्रवी बुरशीत दुसऱ्या औषधाची खूण होती. दोन्ही एकाच थाळीत शेजारी वाढू दिल्या आणि नंतर त्यांचे बीजाणू दोन्ही औषधे घातलेल्या थाळीवर पसरले. मोजक्या वसाहती उगवल्या. त्या निरुपद्रवी बुरशीच्याच होत्या, पण त्यांच्यात शेजारणीचे अख्खे गुणसूत्र आलेले होते. ही बुरशी टोमॅटोच्या रोपांना लावली तेव्हा रोपे कोमेजली. एरवी गुणसूत्रे आईबापांकडून लेकरांकडे जातात. इथे ती थेट शेजारणीकडून शेजारणीकडे गेली. रोग घडवण्याची क्षमता कुळाबाहेरूनही येऊ शकते हे एकदा दिसल्यावर, कोणाला मारते यावरून बुरशीचे नाते ठरवणे किती निसरडे आहे हे उघड झाले.

केळीच्या बुरशीचे वाचन यानंतर वेगाने झाले. २०१५ मध्ये आशिया, मध्यपूर्व आणि ऑस्ट्रेलियातून गोळा केलेल्या टीआर ४ च्या नमुन्यांची जनुकीय तुलना प्रसिद्ध झाली. एकमेकांपासून हजारो मैलांवरचे नमुने जवळजवळ अक्षरशः सारखे निघाले. म्हणजे एकाच बुरशीच्या प्रती एकाच केळीच्या प्रती मारत चालल्या होत्या. याउलट इंडोनेशियात बेटोबेटीच्या गावठी आणि रानटी केळींवरून गोळा केलेल्या फ्युजेरियमांत कमालीची विविधता आढळली. २०१९ मध्ये त्या अभ्यासातून एकेकाळचे ‘क्युबेन्स’ हे एक नाव अनेक स्वतंत्र प्रजातींत वाटले गेले. टीआर ४ ला ‘ओडोरॅटिसिमम’ हे निराळे प्रजातिनाम सुचवले गेले. सगळे शास्त्रज्ञ ते वापरत नाहीत, पण नाव कोणते यापेक्षा वंशवृक्षाचा आकार महत्त्वाचा. जिथे एका वंशाच्या शाखा सर्वांत दाट, तिथेच त्याचे मूळ घर असण्याची शक्यता सर्वांत जास्त. मग २०२४ मध्ये मा यांच्याच गटाने जगाच्या निरनिराळ्या भागांतील ३६ नमुन्यांची तुलना करून दाखवले की टीआर ४ ही ग्रो मिशेल संपवणाऱ्या रेस १ पासून निपजलेली नाही. दोघींची मुळे वेगळी, आणि टीआर ४ कडच्या अतिरिक्त जनुकांचा साठाही वेगळा. त्यांतली काही जनुके नायट्रिक ऑक्साइड या वायूच्या निर्मितीशी निगडित आहेत. ही निर्मिती सांभाळणारी दोन जनुके काढून टाकली तेव्हा बुरशीची मारकशक्ती खूपच उतरली.

हे पुरावे एकत्र ठेवले की जुन्या तीन वाक्यांची जागा दुसरी मांडणी घेते. दक्षिण-पूर्व आशियात केळी आणि तिच्या बुरश्या फार जुन्या काळापासून एकत्र नांदत होत्या, आणि तिथे बुरशीची अनेक कुळे होती. त्यांतल्या काही कुळांचे नमुने मुनव्यांबरोबर अमेरिकेत गेले, ते ग्रो मिशेलला भोवले आणि कॅव्हेंडिशला भोवले नाहीत. कॅव्हेंडिश अमेरिकेत अर्धे शतक सुखाने नांदली, कारण तिचे मारेकरी कूळ तिथे पोचले नव्हते. मग आपणच त्या कुळाच्या घराच्या दारात कॅव्हेंडिशचे सलग मळे नेऊन लावले. त्या जमिनीत आधीपासून असलेल्या बुरशीला काही नवे शिकावे लागले, असे मानायला आधार नाही. तिला फक्त खाद्य मिळाले. आणि तिथून पुढे जे झाले ते माणसांनी केले. चिखलाच्या बुटांनी, यंत्रांच्या चाकांनी, लागवडीच्या रोपांनी बुरशी हलली. २०१३ मध्ये जॉर्डन आणि मोझांबिक, २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड, २०१९ मध्ये कोलंबिया, २०२१ मध्ये पेरू, असा तिचा प्रवास नोंदला गेला. केळीचे फळ खाणाऱ्याला या बुरशीने काही होत नाही, आणि ती हवेतून खंड ओलांडत नाही. समुद्र ओलांडायला तिला माणूस लागतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळता कामा नये. जनुकसंच वाचून एक तरी केळ वाचली का? तैवानमध्ये ऊतिसंवर्धनातून आपोआप उद्भवलेल्या रोपांतून मरीला बऱ्यापैकी टिकणारी कॅव्हेंडिश निवडली गेली. तिच्यासाठी बुरशीचे एकही अक्षर वाचावे लागले नव्हते. ऑस्ट्रेलियात जेम्स डेल यांच्या गटाने आरजीए-२ हे जनुक रानटी केळीतून घेऊन कॅव्हेंडिशमध्ये घातले, त्याचे यश २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तिथेही आधार होता तो केळीच्या जनुकांचा. हे सगळे मान्य. पण रोग थोपवणे म्हणजे फक्त वाण शोधणे नव्हे. २०१५ मध्ये क्वीन्सलँडमध्ये टली भागातल्या एका मळ्यात टीआर ४ सापडली. त्याच सुमारास दुसऱ्या एका बागेतला नमुनाही प्राथमिक चाचणीत टीआर ४ ठरला आणि पुढच्या तपासणीत तसा नसल्याचे निष्पन्न झाले. ज्या शेतकऱ्याच्या बागेला कुलूप लागते, त्याच्यासाठी त्या दोन निकालांमधल्या दिवसांची किंमत काय असेल? इक्वेडोर हा जगातला सर्वांत मोठा केळी निर्यातदार. २०१९ मध्ये तिथल्या केळींत निरुपद्रवी नांदणाऱ्या फ्युजेरियमांवर प्रचलित रेणवीय चाचण्या करून पाहिल्या गेल्या, तर त्यांतल्या काही बुरश्याही टीआर ४ म्हणून ओळखल्या जात होत्या. अशा चाचण्या जनुकसंचाच्या एका लहानशा तुकड्यावर बेतलेल्या असतात. तोच तुकडा दुसऱ्या कुळातही असेल, तर निर्दोष बाग दोषी ठरते. कोणता तुकडा फक्त टीआर ४ चाच, हे सगळ्या कुळांचे संच शेजारी ठेवून वाचल्याशिवाय सांगता येत नाही. वंशावळीचा उपयोग इथे अगदी रोकडा आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोल जातो. कंपन्यांना १९१९ पासून कारण ठाऊक होते. तरी त्यांनी जमिनी सोडल्या, जंगले तोडली आणि तेच वाण लावले. म्हणजे अज्ञान हे मूळ नव्हतेच, हिशेब हे मूळ होते, मग आणखी ज्ञानाने काय साधणार? मला हा आक्षेप अर्धा पटतो. एकच वाण, एकच आकार, एकच पिकण्याचा काळ यांतून मिळणारा नफा रोगाच्या भीतीपेक्षा मोठा ठरत गेला, आणि तो हिशेब कोणत्याही प्रयोगशाळेने बदललेला नाही. पण एक फरक आहे. त्या काळच्या कंपन्यांना पळायला जमीन होती आणि हाताशी एक राखीव वाण होते. टीआर ४ च्या बाबतीत दोन्ही नाही. ती कॅव्हेंडिशबरोबर ग्रो मिशेललाही मारते, त्यामुळे जुन्या वाणाकडे परतण्याची वाट बंद आहे. शिवाय केळी म्हणजे फक्त निर्यातीची खोकी नव्हेत. आफ्रिकेत आणि आशियात ती घरच्या अंगणातली, रोजच्या पोटाची आहेत, आणि तिथल्या शेतकऱ्याने कंपन्यांच्या हिशेबात कधीच भाग घेतलेला नव्हता.

भारत हा जगातला सर्वांत मोठा केळी उत्पादक, आणि इथली बहुतेक केळी देशातच खाल्ली जातात. मर आपल्याकडे नवी नाही. म्हैसूरजवळच्या नंजनगूडची रसबाळे ही प्रसिद्ध केळ पनामा मरीने जवळपास नामशेष होण्याच्या वाटेवर गेली. तेव्हा कॅव्हेंडिश गट तगून होता, म्हणून तोच पर्याय ठरला. आता टीआर ४ बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळलेली आहे. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या पट्ट्यात एकेकाळी बसराई होती, मग श्रीमंती आली, मग ऊतिसंवर्धित ग्रँड नैन आली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही तीन वेगळी वाणे आहेत. घडाचे वजन वेगळे, झाडाची उंची वेगळी, भाव वेगळा. बुरशीच्या दृष्टीने तिघी एकच, कारण तिघी कॅव्हेंडिश गटातल्या आहेत. ऊतिसंवर्धनाची रोपे प्रयोगशाळेतून निर्मळ येतात हा मोठाच फायदा, मुनव्याबरोबर येणारा रोग त्याने टळतो. पण रोप निर्मळ असले तरी ज्या मातीत ते लावायचे ती मातीच संसर्गित असेल, तर निर्मळपणाचे कवच पहिल्या मुळापर्यंतच टिकते.

शेवटी एक प्रश्न उरतो. टीआर ४ जगभर एकच कूळ आहे, तर मग तिच्यावर एका ठिकाणी चाललेला उपाय सगळीकडे चालेल, हे सुलक्षण नाही का? आज तरी आहे. २०१२ मध्ये केळीचा जनुकसंच पहिल्यांदा प्रसिद्ध झाला. तो पहांग नावाच्या मलेशियातल्या रानटी केळीच्या वंशाचा होता, आणि पहांग टीआर ४ ला दाद देत नाही. बुरशी ज्या प्रदेशातली, प्रतिकारही त्याच प्रदेशातला, बियांनी भरलेल्या न खाण्याजोग्या फळांच्या झाडात. आरजीए-२ घातलेली कॅव्हेंडिश २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात लागवडीला आणि खायला मंजूर झाली. ती अजून बाजारासाठी नाही. टीआर ४ तिथल्या मळ्यांत आवरेनाशी झाली तर हाताशी असावी, म्हणून राखून ठेवलेली आहे. पण ज्या गुणसूत्रांवर रोगाची जनुके बसतात ती शेजारच्या बुरशीकडे जाऊ शकतात, हे थाळीतल्या प्रयोगात दिसलेले आहे. शेतात किती वेळा तसे घडते ते पाहायचे, तर प्रत्येक नव्या भागातला नमुना घेऊन त्याचे कूळ पुन्हा पुन्हा वाचत राहावे लागेल. बिहारमधल्या नमुन्याचेही, आणि उद्या कोणी रावेरला बुंधा कापला आणि आत तांबूस कडी दिसली, तर त्या कापातल्या बुरशीचेही.